खिशातील विद्युतघट : ई-सिगारेटची बॅटरी आणि घराची सुरक्षितता

कपडे धुण्यास टाकण्यापूर्वी त्यांचे खिसे चाचपून पाहण्याची सवय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सुटी नाणी, किल्ली, बसचे तिकीट, विसरलेली एखादी नोट असे काहीबाही हाती लागते आणि ते बाजूला काढून ठेवले जाते. अलीकडे या वस्तूंत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती कधी पेनासारखी लांबट असते, कधी तपकिरीच्या डबीएवढी चपटी असते, तर कधी तिच्यासोबत एक सुटा धातूचा नळकांड्यासारखा सेल असतो. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलपेक्षा तो थोडा जाड आणि थोडा लांब असतो. पाहणाऱ्याला वाटते, विजेरीचा सेल असावा. म्हणून तो किल्ल्यांच्या वाटीत किंवा सुट्या पैशांच्या डबीत टाकला जातो. धोक्याची सुरुवात नेमकी तेथेच होते.

ही वस्तू म्हणजे ई-सिगारेट, अर्थात ‘व्हेप’. इंग्लंड-अमेरिकेत प्रौढ व्यक्तींना ती दुकानात विकत मिळते. त्यामुळे मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहावयास गेलेल्या ज्येष्ठांना तिचे दर्शन घडण्याचा संभव अधिक. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरीही चोरवाटेने आलेली यंत्रे तरुणांच्या हाती दिसतात. तिच्यातील निकोटिनमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो आणि व्यसन जडते, हे आपण जाणतोच. तिच्या पोटात दडलेल्या विद्युतघटाविषयी मात्र घरांत क्वचितच बोलले जाते. हे यंत्र ओढणारी व्यक्ती एक असली, तरी त्याची बॅटरी सर्वांच्या घरात असते. तिची थोडी ओळख करून घेणे म्हणूनच ज्येष्ठांना व त्यांची काळजी घेणाऱ्यांना आवश्यक आहे.

यंत्र चालते कसे?

ई-सिगारेटची रचना तशी साधी असते. एका बाजूला लिथियम-आयन प्रकारचा विद्युतघट, दुसऱ्या बाजूला धातूच्या तारेचे छोटे वेटोळे आणि त्याभोवती द्रवात भिजलेला कापूस. कळ दाबली किंवा श्वास ओढला की घटातील वीज वेटोळ्यातून वाहते, तार तापते आणि द्रवाची वाफ होते. पाणी तापविण्याच्या रॉडचे तत्त्व येथेही तेच आहे.

रॉडला वीज पुरविते ती भिंतीतील वायरिंग. तिच्या मागे फ्यूज असतो, एमसीबी असतो. खिशातील यंत्रात मात्र तापणारी तार आणि वीज पुरविणारा घट एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात. चांगल्या यंत्रात त्यांच्यामध्ये रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला, वेटोळ्यात शॉर्टसर्किट झाले किंवा घट फार तापला, तर ते पुरवठा तोडते. ‘मेकॅनिकल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही यंत्रांत असे कोणतेही मंडल नसते. कळ दाबताच घट व तार थेट जोडली जातात. तेथे सारी सुरक्षितता वापरणाऱ्याच्या गणितावर अवलंबून राहते.

टाकी, नळ आणि प्रवाह

हे गणित समजून घेण्यासाठी इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर अधिक. हा विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळी जितकी अरुंद, तितका पाण्याला अडथळा अधिक. हा रोध, तो ओहममध्ये मोजतात. या दोहोंच्या मेळातून दर क्षणाला जितके पाणी वाहते तो प्रवाह; तो अँपियरमध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम तो हाच.

पूर्ण भारित लिथियम-आयन घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळ्याचा रोध १ ओहम असेल, तर प्रवाह ४.२ अँपियर होईल. रोध ०.५ ओहम असेल, तर ८.४ अँपियर. तोच ०.२ ओहमवर आणला, तर २१ अँपियर; आणि ०.१ ओहम केला, तर ४२ अँपियर. अधिक दाट वाफ मिळावी या हौसेपोटी काही तरुण कमी रोधाची वेटोळी वापरतात. रोधाचा आकडा लहान दिसतो. पण तो जितका लहान, तितका घटावरील ताण मोठा.

तुलना करावयाची तर, १००० वॅटची इस्त्री घरातील २३० व्होल्टच्या विजेवर सुमारे ४.३ अँपियर प्रवाह घेते. इस्त्रीचा दाब पुष्कळ अधिक असल्याने तिची एकूण शक्ती अर्थातच मोठी असते. पण तारांतून व धातूच्या जोडांतून किती अँपियर वाहतात, एवढ्यापुरते पाहिले, तर अंगठ्याएवढ्या घटाकडून इस्त्रीच्या चौपट-पाचपट मागणी केली जाऊ शकते. भ्रमणध्वनीला किंवा कानाच्या यंत्राला वीज पुरविणारी बॅटरी त्याच कुळातील असू शकते; कानाचे यंत्र मात्र केवळ काही मिलिअँपियरवर चालते. म्हणजे घट एकाच जातीचे असले, तरी त्यांच्याकडून मागितले जाणारे काम अगदी निरनिराळे असते आणि धोक्याचे प्रमाण त्या मागणीवर ठरते.

आवरणावरील दोन आकडे

सुट्या घटांत ‘१८६५०’ हा आकार सर्वाधिक आढळतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी असा त्याचा अर्थ. शेवटचे शून्य घट नळकांड्याच्या आकाराचा असल्याचे सांगते. पॉवर बँक, चांगल्या प्रतीची विजेरी आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी यांतही हाच आकार सापडतो.

घटाची माहिती पाहताना दोन आकडे वेगवेगळे वाचावे लागतात. पहिला आकडा साठ्याचा, मिलिअँपियर-तासांचा. टाकीत पाणी किती, हे तो सांगतो. दुसरा आकडा सतत देता येणाऱ्या कमाल प्रवाहाचा. टाकीचा नळ किती पाणी सोसू शकतो, हे त्यावरून कळते. अनेक खरेदीदार पहिलाच आकडा पाहतात आणि मोठा तो चांगला असे समजतात. प्रत्यक्षात एकाच आकाराच्या घटात साठा वाढविला, की बहुधा प्रवाह देण्याची क्षमता घटते. विजेरीसाठी उत्तम ठरलेला मोठ्या साठ्याचा घट कमी रोधाच्या वेटोळ्याला जोडला, तर तो भलताच तापू शकतो.

फसव्या लेबलांचा उपद्रवही आहे. १८६५० आकाराच्या प्रामाणिक घटांचा साठा सर्वसाधारणपणे २००० ते ३६०० मिलिअँपियर-तास असतो. त्यावर ९९०० असा आकडा छापलेला दिसला, तर तो घट हातातही धरू नये. तसेच मोठ्या अक्षरांत छापलेला ‘३० अँपियर’ किंवा ‘४० अँपियर’ हा आकडा पुष्कळदा क्षणभराच्या प्रवाहाचा असतो. सतत देता येणारा प्रवाह त्याहून बराच कमी असतो.

संपत आलेला घट अधिक ताण सोसतो

सर्वसामान्य समजूत अशी, की भारित घट धोक्याचा आणि संपत आलेला घट निरुपद्रवी. वेटोळे थेट घटाला जोडलेले असेल, तर दाब उतरला की प्रवाहही उतरतो, हे खरे. परंतु इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या यंत्रात वापरणारा ठरावीक वॅट निवडतो आणि यंत्र तेवढी शक्ती शेवटपर्यंत देत राहते. समजा, एकाच घटावर चालणारे यंत्र ६० वॅटवर ठेवले आहे. घट पूर्ण भरलेला असताना ६० ला ४.२ ने भागल्यास सुमारे १४.३ अँपियर येतात. घट रिता होत जाऊन दाब ३.२ व्होल्टवर आला, की तीच शक्ती देण्यासाठी सुमारे १८.८ अँपियर लागतात; मंडलात वाया जाणारी शक्ती त्याहून वेगळी. घट १५ अँपियरच्या मर्यादेचा असेल, तर सकाळी सुरक्षित असलेली मांडणी संध्याकाळी मर्यादा ओलांडते. थकलेल्या हमालाच्या डोक्यावर ओझे वाढवीत जावे, तसा हा प्रकार.

दोन घटांच्या यंत्रात हा भार विभागला जातो. मात्र ते दोन्ही घट एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि नेहमी एकत्र वापरलेले असावे लागतात. जुन्याबरोबर नवा घट जोडला, की दुबळा घट आधी रिता होतो आणि त्याच्यातून सक्तीने प्रवाह ओढला जातो.

आग लागते ती का?

लिथियम-आयन घटाच्या आत दोन विद्युतअग्रांच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अत्यंत तलम पडदा असतो आणि सर्वत्र ज्वलनशील द्रव मुरलेला असतो. अतिप्रवाह, अतिभारण, आघात किंवा बाहेरील शॉर्टसर्किट यांपैकी कशानेही आतील उष्णता वाढली, की रासायनिक क्रिया सुरू होतात आणि त्या स्वतःच आणखी उष्णता निर्माण करतात. साधारण १३० अंश सेल्सिअसच्या पुढे मधला पडदा वितळू लागतो, दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात आणि मग हे चक्र कोणाच्या हाती राहत नाही. दाबाखालील वायू बाहेर पडतात, पेट घेतात. घट धातूच्या घट्ट नळीत बंदिस्त असेल आणि वायूला वाट नसेल, तर त्या नळीचाच गोळा होऊन तो उडतो. धुरात हायड्रोजन फ्लुओराइडसारखे दाहक व विषारी वायू असतात.

किल्ल्यांची वाटी धोक्याची का, हे येथे उलगडते. १८६५० घटाचे जवळजवळ सारे धातूचे अंग ऋण अग्र असते; केवळ वरचे बटण धन. दोहोंमध्ये एक अरुंद निरोधक कडे आणि बाहेरून कागदाइतके पातळ प्लॅस्टिकचे आवरण, एवढेच संरक्षण. ते आवरण फाटले आणि किल्ली किंवा नाणे बटणाला व कडेला एकाच वेळी टेकले, की रोध जवळपास शून्यावर येतो. घट मग आपल्याजवळची वीज बेसुमार वेगाने ओतू लागतो.

हे भय निराधार नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील वृत्तमाध्यमांतून नोंदल्या गेलेल्या १९५ घटना एकत्र केल्या होत्या. त्यांपैकी ६१ घटनांत यंत्र किंवा सुटा घट खिशात होता. ६० घटना प्रत्यक्ष वापरताना आणि ४८ भारण चालू असताना घडल्या. एकूण १३३ जखमांची नोंद झाली. सिएटल येथील डॉक्टरांनी २०१६ मध्ये नऊ महिन्यांतील अशा १५ रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांना मांडीवर वा जांघेत इजा झालेली होती. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात अशा स्फोटांत प्रत्येकी एका तरुणाचा मृत्यू झाला. यंत्रांच्या एकूण संख्येच्या मानाने अशा घटना विरळ आहेत. पण घडतात तेव्हा सावरण्यास वेळ मिळत नाही.

घरात ऑक्सिजन असेल तर

फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे घरी ऑक्सिजन घेणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर होतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. परंतु तो असेल तेथे लहानशी ठिणगीही झपाट्याने भडकते. कपडे, केस आणि अंथरूण यांत तो मुरून राहतो. यंत्र बंद केले की धोका त्याच क्षणी संपला असे नव्हे. ई-सिगारेटमध्ये ज्योत नसली, तरी लालबुंद होणारी तार असते. म्हणून ऑक्सिजन घेणाऱ्या व्यक्तीने तिचा वापर करू नये, इतरांनी त्या खोलीत तो करू नये आणि तिचे भारणही तेथे लावू नये. अंगाला पॅराफिनयुक्त मलम लावण्याची सवय असल्यास आणखी जपावे; मलम मुरलेले कपडे व चादरी लवकर पेटतात.

वयाबरोबर त्वचा पातळ होते, जखम भरण्यास वेळ लागतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावली असेल, तर खिशातील घट तापू लागल्याचे उशिरा कळते. हालचाल संथ असेल, तर वस्तू दूर भिरकावणेही साधत नाही. तरुणाला निसटती झळ बसेल, तेथे ज्येष्ठाला खोल भाजू शकते.

घरच्यांनी पाळावयाचे नियम

१. सुटा घट कधीही खिशात, पर्समध्ये अथवा नाणी-किल्ल्यांच्या सोबत ठेवू नये. त्यासाठी प्लॅस्टिकची छोटी डबी मिळते, ती वापरावी.

२. आवरण फाटलेला, पोचा आलेला, फुगलेला, पाण्यात भिजलेला किंवा वॉशिंग मशिनमधून निघालेला घट पुन्हा वापरू नये. वाळवून पाहण्याचा मोहही टाळावा.

३. भारण यंत्रासोबत आलेल्या चार्जरनेच करावे. भ्रमणध्वनीचा चार्जर जोडू नये. ते टणक, न जळणाऱ्या पृष्ठभागावर करावे. गादी, उशी, सोफा ही जागा नव्हे. रात्री झोपताना किंवा घराबाहेर जाताना भारण चालू ठेवू नये. ज्येष्ठांच्या पलंगाजवळ आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ते मुळीच नसावे.

४. उन्हात उभ्या गाडीत घट ठेवू नये. परदेशातील कडाक्याच्या थंडीत गोठणबिंदूखाली गारठलेला घट लगेच भारणास लावू नये. तो आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

५. निकामी घट किंवा वापरून झालेले यंत्र घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत चिरडले जाऊन ते पेटतात. टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरी वा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावे.

६. विमानप्रवासात दुसऱ्याची बॅग न तपासता स्वीकारू नये. अमेरिकेच्या नियमांनुसार अशी यंत्रे सामानकक्षात पाठविता येत नाहीत. आणि भारतात त्यांची आयातच निषिद्ध असल्याने नातवाने विसरलेले यंत्र आजोबांना अडचणीत आणू शकते.

हे नियम केवळ ई-सिगारेटपुरते नाहीत. पॉवर बँक, भारणाची विजेरी, डास मारण्याची रॅकेट यांतील लिथियम घटांनाही ते लागू पडतात. म्हणून घरात कोणी ई-सिगारेट ओढत नसले, तरी ते जाणून घेणे वाया जाणार नाही.

अपघात झालाच तर

घटातून फुसफुस असा आवाज, गोडसर रासायनिक वास, धूर किंवा असह्य उष्णता जाणवली, तर तो हाती घेऊ नये. ज्येष्ठ व मुले यांना आधी बाहेर न्यावे, जाता जाता दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलास कळवावे. भारतात त्यासाठी १०१ किंवा ११२, अमेरिकेत ९११ आणि इंग्लंडमध्ये ९९९ हा क्रमांक आहे. ज्वाळा विझल्यावरही घट पुन्हा पेटू शकतो, म्हणून परत आत जाण्याची घाई करू नये.

भाजले असल्यास घटातील द्रवाने भिजलेले कपडे, तसेच घड्याळ, बांगड्या, अंगठ्या त्वरित काढाव्यात. मात्र त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णालयात न्यावे आणि ही भाजणी लिथियम बॅटरीची आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा जखमेत उष्णतेबरोबर रसायनाचाही दाह असतो. उपचाराची दिशा त्यावरून ठरते. धूर छातीत गेला असेल, तर त्रास वाटत नसला तरी तपासणी करून घ्यावी.

बोलावे कसे?

नातवाच्या खिशात ही वस्तू सापडली, की संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु रागाच्या भरात ती केरात भिरकावणे किंवा कपाटाच्या तळाशी दडवून ठेवणे, दोन्ही घातकच; कारण तिच्यातील घट तसाच जिवंत राहतो. ती शांतपणे बाजूला, धातूपासून दूर ठेवावी. मग मुलाला जवळ बसवून विचारावे : “यातला सेल किती अँपियरचा आहे रे? तुझी तार किती ओहमची?” बहुतेकांना उत्तर देता येत नाही. आपण नेमके काय खिशात बाळगतो, हे आपल्यालाच ठाऊक नाही, ही जाणीव उपदेशापेक्षा लवकर मनात उतरते. त्यानंतर व्यसन सोडण्याविषयी बोलणे सोपे जाते. भारतात त्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मार्गदर्शन सेवेचा १८००-११२-३५६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

घटाची काळजी घेतल्याने ई-सिगारेट आरोग्यास निर्धोक ठरत नाही. ती सुटणे हाच खरा उपाय. तो दिवस उजाडेपर्यंत मात्र घरातील कोणी भाजू नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे. तिचा प्रारंभ आपल्या जुन्या सवयीनेच करता येईल : कपडे धुण्यास टाकण्यापूर्वी खिसे चाचपावेत, आणि हाती सेल लागला, तर तो किल्ल्यांच्या वाटीत टाकू नये.